कट्यारीचा दाखला कोणी द्यायचा?

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र शासनाने जुन्या शस्त्रांबाबत गाजावाजा झालेली दोन कामे केली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने आणून जुलै २०२४मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात लोकांपुढे मांडली, आणि एप्रिल २०२५मध्ये सदबीजच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसले यांच्या नावाची तलवार विकत घेऊन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. या दोन्ही कामांना माझा विरोध नाही. परदेशी गेलेली वस्तू आपल्या लोकांना पाहायला मिळावी ही इच्छा रास्तच आहे. पण ज्या मुंबईत ही तलवार वाजतगाजत उतरली त्याच मुंबईत एखाद्याच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची कट्यार सापडली, किंवा एखाद्या हौशी माणसाने चोरबाजारात पैसे मोजून पेशकब्ज नावाचा खंजीर घेतला, तर ‘ही वस्तू काय आहे आणि कधीची आहे’ हे विचारायला त्याने जायचे कुठे, या साध्या प्रश्नाला आज धड उत्तर नाही. ते देण्याची जबाबदारी शासनाने आणि सार्वजनिक संग्रहालयांनी उचलली पाहिजे. विक्रेत्यांवर, लिलावगृहांवर आणि घराण्यांच्या अभिमानावर ती सोडून देणे आता थांबले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

वाघनखांच्या वेळी काय झाले ते आठवून पाहावे. त्या शस्त्राच्या पेटीवर इंग्रजीत एक मजकूर आहे. ही शिवाजीची वाघनखे असून त्यांनी त्याने मोगल सेनापतीला मारले, आणि साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या प्रधानाने दिली, असा त्याचा आशय आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेलेला अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हता, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याला घटनेची पुरती माहिती नव्हती, आणि घटना व मजकूर यांच्यामध्ये दीडशेहून अधिक वर्षे गेलेली होती. ही तीच वाघनखे असल्याची खात्री करता आलेली नाही, असे खुद्द त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. कोल्हापूरचे इतिहास-अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी हा मुद्दा पुढे आणला तेव्हा वाद पुराव्यावरून सरकून निष्ठेवर गेला. शासनाच्या बाजूने ठाम विधाने झाली, विरोधकांनी त्याचे राजकारण केले, आणि या पोलादाचा, या कड्यांचा, या घडणीचा काळ कोणता हा विचारण्याजोगा प्रश्न मधल्या मध्ये राहून गेला. त्याचे उत्तर काहीही आले असते तरी महाराजांचा पराक्रम तसूभरही उणा होणार नव्हता.

रघुजींच्या तलवारीची गोष्ट तुलनेने बरी होती, कारण तिथे नाव पेटीवर नसून पात्यावरच होते, देवनागरीत आणि सोन्याने. वस्तूवर कोरलेला लेख आणि वस्तूबरोबर फिरणारी कहाणी यांतला हा फरक या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. मात्र असे नाव वागवणारी शस्त्रे फार थोडी. बाकीच्या असंख्य कट्यारी, बिचवे, खंजीर आणि जंबिये निनावी आहेत, आणि ज्यांवर नाव नाही त्यांना एखादे मोठे नाव चिकटवण्याचा मोह बाजाराला आवरत नाही. भेंडीबाजाराच्या बाजूच्या मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. तिथे उभे राहून थोडा वेळ ऐकले तरी एक सुरा टिपूचा, दुसरा तंजावरचा आणि तिसरा पेशव्यांच्या सिलेखान्यातला, म्हणजे शस्त्रागारातला, असल्याचे कळते. दुकानदाराला मी फार दोष देत नाही. त्याने वस्तू ज्याच्याकडून घेतली त्याने जे सांगितले तेच तो पुढे सांगतो, थोडी भर घालून. दोष या व्यवस्थेचा आहे, कारण तिच्यात वस्तू विकणारा आणि तिची सत्यता सांगणारा हा एकच माणूस असतो, आणि ग्राहकाच्या हाती पडणारे ‘प्रमाणपत्र’ त्याच दुकानाच्या छापील कागदावर असते.

आता सत्यता ठरते कशी, हे जरा सविस्तर पाहायला हवे, कारण ती नुसत्या नजरेने किंवा ‘अनुभवाने’ ठरते असा एक समज संग्राहकांनीच पसरवला आहे. कट्यारीचे उदाहरण घेतो. दोन समांतर पट्ट्या, त्यांच्यामध्ये मुठीत धरायच्या आडव्या दांड्या, आणि मुठीच्या सरळ रेषेत पुढे आलेले निमुळते पाते, अशी तिची रचना असते. मनगट न वळवता ती सरळ खुपसायची, म्हणून साखळीचे चिलखत फोडता यावे यासाठी अनेक कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते. दक्षिणेकडच्या, म्हणजे विजयनगरच्या आणि पुढे तंजावरच्या परंपरेतल्या कट्यारींना बोटांवर येणारी पानासारखी किंवा फण्यासारखी ढाल असते. उत्तरेकडच्या आणि नंतरच्या कट्यारींत ती दिसत नाही. जुन्या कट्यारीची पकड आजच्या माणसाच्या हाताला बरेचदा अरुंद वाटते, आणि आज सजावटीसाठी बनणारी नक्कल पुष्कळदा इथेच पकडली जाते, कारण तिचा कारागीर आजच्या गिऱ्हाइकाच्या हाताचे माप घेतो.

सतराव्या शतकातील दख्खनी आणि मराठा कट्यारींची पाती पुष्कळदा युरोपातून आलेल्या तलवारींची असतात. तलवारीचे पाते कापून, मुठीच्या पुढे आलेल्या पट्ट्यांमध्ये धरून ते रिव्हेटांनी पक्के केलेले असते. अशी कट्यार हातात आली, आणि पात्यावर लॅटिन अक्षरे किंवा जर्मनीतल्या पासाउ आणि झोलिंगेनच्या लोहारांची धावत्या लांडग्याची खूण दिसली, की नवखा माणूस ती विलायती नक्कल समजून बाजूला ठेवतो. जाणकाराला मात्र तीच खूण काळाशी जुळणारी वाटते. (उलटही घडते: ही खूण आता इतकी प्रसिद्ध झाली आहे की ती नव्याने ठोकणारेही आहेत.) म्हणून एका खुणेवर निकाल देता येत नाही. रिव्हेट हाताने ठोकलेले आहेत की कारखान्यात बनलेले, पट्टीचा सांधा भट्टीत तापवून केलेला आहे की विजेच्या वेल्डिंगचा, खाचांमधला गंज पात्यावरच्या गंजाशी मिळताजुळता आहे की नाही, हे सगळे एकमेकांशी ताडून पाहावे लागते. काळाने आलेला गंज गडद, घट्ट आणि जागोजागी वेगवेगळ्या खोलीचा असतो. आम्लाने किंवा मिठाच्या पाण्याने आणलेला गंज नारिंगी, भुसभुशीत आणि संशय यावा इतका एकसारखा असतो.

काळ ठरवण्याचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे तारखेने बांधलेला संग्रह. बिकानेरचा महाराजा अनुपसिंह औरंगजेबाच्या चाकरीत दख्खनमध्ये होता. १६८९मध्ये अदोनीचा किल्ला पडला तेव्हा हाती आलेली शस्त्रे बिकानेरला गेली, आणि त्यांतल्या अनेकांवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरीत तशी नोंद कोरली गेली. एका सिलेखान्याच्या त्या हिशेबी नोंदींमुळे आज जगभरच्या अभ्यासकांना त्या वर्षाआधीची दख्खनी कट्यार किंवा चिलानम नावाचा वक्र खंजीर कसा दिसत असे याचे खात्रीचे माप मिळते. अनुपसिंहाच्या कारकुनांनी जे केले ते आपल्या राज्यात फारसे झाले नाही. आणि तंजावरच्या भोसल्यांच्या सिलेखान्याचे तर संस्थान खालसा झाल्यावर इंग्रजांनी भंगार करायला घेतले, त्यातून वाचलेले काही मद्रासच्या संग्रहालयात आणि काही परदेशी गेले. सिलेखाना असा विखुरल्यामुळेच ‘तंजावरची’ हे विशेषण बाजारात कोणालाही, कशालाही लावता येते.

पोलादाबद्दलचे अज्ञान तर आणखी मोठे. दख्खनमध्ये मुशीत वितळवून बनणारे, पृष्ठावर लहरींसारखी नक्षी म्हणजे जौहर दाखवणारे ‘वुट्झ’ पोलाद पश्चिमेच्या विज्ञानापर्यंत पोहोचले त्यात मुंबईचा मोठा हात आहे. कंपनीच्या नोकरीत इथे असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, आणि जॉर्ज पिअरसन यांनी १७९५मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरेडेने त्यावर प्रयोग केले. खऱ्या जौहराची नक्षी धातूच्या आतच असते. पाते घासले तर ती दिसेनाशी होते, पण सौम्य आम्लाने पुन्हा उमटते. वरवर आम्लाने रेखाटलेली खोटी नक्षी घासली की कायमची जाते. आज ‘दमास्कस’ म्हणून विकली जाणारी बहुतेक पाती दोन प्रकारच्या आधुनिक पोलादांचे थर एकत्र ठोकून केलेली असतात. त्यांत निकेलामुळे उजळ पट्टे दिसतात, आणि त्यांचा मुशीतल्या पोलादाशी संबंध नसतो. ती वाईट नसतात, काही तर उत्तम कारागिरीची असतात. फसवणूक सुरू होते ती त्यांना अठराव्या शतकाचे लेबल लावल्यावर.

सोन्याच्या कामाचेही असेच आहे. कोफ्तगरीत पोलादावर आधी बारीक आडव्याउभ्या रेघा मारून पृष्ठ खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोने झिजलेल्या जागी भिंगातून त्या रेघा दिसतात. विजेच्या मुलाम्याखाली त्या नसतात. पण कोफ्तगरी आजही उदयपुरात चालू असलेली जिवंत कला आहे, तेव्हा रेघा दिसल्या म्हणजे वस्तू जुनी, असेही म्हणता येत नाही. मुठीसाठी वापरलेला यशब (जेड) दगड पोलादी टोकाने सहसा ओरखडत नाही, त्याच्या नावाखाली खपवला जाणारा सर्पेंटाइन हा मऊ दगड मात्र ओरखडतो. तरीही ही परीक्षा दुकानात उभे राहून करण्याची नाही.

इथे आणखी एक गुंता आहे. प्रिन्स ऑफ वेल्स ८ नोव्हेंबर १८७५ रोजी मुंबईत उतरला आणि त्या दौऱ्यात संस्थानिकांनी त्याला शेकडो वस्तू नजर केल्या. त्यांत शस्त्रे भरपूर होती, आणि त्यांतली काही नजराण्यासाठीच बनवलेली होती. अशी कट्यार आज दीडशे वर्षांची आहे, सोन्याने मढलेली आहे, कायद्याने पुराणवस्तू आहे, पण ती रणांगणावर कधी गेली नाही आणि जायची नव्हतीच. दाबली की कात्रीसारखी फाकणारी कट्यार हा त्याच वृत्तीचा नमुना. गिऱ्हाइकाला ती फार आवडते आणि दुकानदार ती ‘शत्रूच्या पोटात उघडायची’ म्हणून सांगतो, पण असे शस्त्र साखळीच्या चिलखतात किंवा बरगड्यांत घालून पाहण्याची कल्पना करावी म्हणजे सांगणाऱ्याचा भोळेपणा लक्षात येतो. ही वस्तू खोटी नाही. तिच्याबद्दल सांगितली जाणारी गोष्ट खोटी आहे.

म्हणून ‘अस्सल की नकली’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. युरोपात सोळाव्या शतकात घडलेले पाते, सतराव्या शतकात दख्खनमध्ये त्याला बसवलेली मूठ, एकोणिसाव्या शतकात दरबारासाठी चढवलेले सोने, आणि विसाव्या शतकात कोणा शिकलगाराने मारलेले पॉलिश, अशी एकच कट्यार असू शकते, आणि तिचा प्रत्येक भाग आपापल्या काळाचा अस्सल असू शकतो. तिला हवा आहे तो सात-बाराच्या उताऱ्यासारखा कागद, ज्यावर प्रत्येक फेरफार आपल्या तारखेसह आणि आधारासह नोंदलेला आहे. पाते कशाचे आणि कुठले, मूठ कोणत्या घडणीची, जोड मूळचा की नंतरचा, आणि सगळ्यात शेवटी, वेगळ्या रकान्यात, ती कोणाची होती असे कोण म्हणतो आणि कशाच्या आधारावर. या शेवटच्या रकान्यात ‘कुटुंबात अशी परंपरा सांगतात’ एवढेच लिहिले तरी ती नोंद खरी राहते आणि कोणाचा अपमानही होत नाही.

घरोघरच्या शस्त्रांची अवस्था आठवली की ही नोंद किती तातडीची आहे ते कळते. खंडेनवमीला देवघरासमोर मांडायच्या शस्त्राला आधी चिंचेने, राखेने किंवा ब्रासोने घासून लख्ख करायचे ही अनेक घरांची श्रद्धेची रीत आहे, आणि तिच्यात पात्याचा जौहर, ठिपक्यांचे लेख, कोफ्तगरीचे उरलेसुरले सोने असे सगळे पुरावे वर्षागणिक झिजत जातात. शस्त्राला हळदकुंकू वाहायला कोणाची हरकत नाही. पण घासू नका, कोरड्या मऊ कापडाने पुसून पात्यावर हलका हात तेलाचा द्या, मुठीत लाख असेल तर उन्हात ठेवू नका, म्यान जुन्या चामड्याचे असेल तर पाते त्यात कायमचे अडकवून ठेवू नका, हे लोकांना कोणी सांगितलेलेच नाही. हे सांगणारे पत्रक दरवर्षी दसऱ्याच्या आधी संग्रहालयांनी काढले तरी एखाद्या महोत्सवापेक्षा जास्त वारसा वाचेल.

विसाव्या शतकातल्या लष्करी शस्त्रांबद्दल थोडक्यात सांगतो. ईशापूरच्या रायफल कारखान्यातली संगीन, गोरखा पलटणींना दिलेली खुकरी किंवा १९४१पासून बनू लागलेला ब्रिटिश कमांडो खंजीर यांवर कारखान्याचे, तपासनिसाचे, कधी वर्षाचे शिक्के असतात, आणि ते छापील नोंदींशी ताडून पाहता येतात. त्यामुळे त्यांची परीक्षा कट्यारीपेक्षा सोपी, पण नकलाही तितक्याच सोप्या, विशेषतः नाझी जर्मनीच्या खंजिरांच्या, ज्यांत युद्धानंतर उरलेले सुटे भाग जुळवून उभ्या केलेल्या वस्तू जगभर फिरत आहेत. त्या खंजिरांची हौस मला वैयक्तिकरीत्या समजत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

आता कायद्याकडे येतो, कारण लोक पुढे येत नाहीत त्याचे खरे कारण तिथे आहे. पुराणवस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२चा; तो ५ एप्रिल १९७६पासून लागू झाला. शंभर वर्षे पुरी झालेली वस्तू पुराणवस्तू ठरते, तिचा व्यापार करायला परवाना लागतो, ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि एखादी वस्तू पुराणवस्तू आहे की नाही याचा अंतिम निर्णय कलम २४ खाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देतो. सर्वेक्षणाचे मुंबई मंडळ शीवच्या किल्ल्यावर बसते. पण ही यंत्रणा मुख्यतः वस्तू बाहेर जाऊ नये म्हणून आहे. ‘ही वस्तू शंभर वर्षांची नाही’ असा दाखला निर्यातदाराला मिळतो, ‘ही वस्तू काय आहे’ असा दाखला घरच्या माणसाला मिळत नाही.

दुसरीकडे शस्त्र अधिनियम १९५९. त्याखालच्या नियमांत तलवारी, खंजीर, संगिनी यांच्याबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांसारख्या हत्यारांचा उल्लेख येतो, आणि कट्यारीचे पाते मुळाशी सहज दोन इंचांपेक्षा रुंद असते. पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला कलम ४५मध्ये सूट देणारे शब्द आहेत, पण त्यांची रचना बंदुका डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. त्यात मुंबई पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे घेऊन फिरण्यावर बंदीचे आदेश वेळोवेळी काढत असतात. म्हणजे डोंबिवलीच्या माणसाने आजोबांची कट्यार पिशवीत घालून लोकलने काळा घोड्याला संग्रहालयात न्यायची म्हटली, तर वाटेत कोणी पिशवी उघडायला लावल्यावर काय सांगायचे हे त्याला माहीत नसते, आणि पिशवी उघडणाऱ्या हवालदारालाही नसते. मूठ हस्तिदंती असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. हस्तिदंताचा व्यापार बंद आहे आणि जवळ बाळगायलाही मालकीचे प्रमाणपत्र लागते. खंजरलीसारख्या मोठ्या हस्तिदंती मुठीच्या शस्त्रांचे मालक त्यामुळे गप्प बसतात, किंवा वस्तू चोरवाटेने विकून मोकळे होतात. १८७८च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी आपल्या लोकांना शस्त्रे लपवायला शिकवले. स्वतंत्र देशाने ती भीती घालवायला हवी होती.

खरे पाहता लागणारी सगळी सामग्री मुंबईत आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे, टाटांनी दिलेल्या संग्रहांतून आलेल्या वस्तू आहेत, अकबराचे चिलखत आहे, आणि २००८पासून जतन-संवर्धनाचे स्वतंत्र केंद्रही आहे. पवईच्या आयआयटीत धातुविज्ञानाचा विभाग आहे. क्ष-किरणांचे हातात धरायचे यंत्र वस्तूला न दुखवता पृष्ठावरची मूलद्रव्ये सांगते: क्रोमियम लक्षणीय सापडले तर पाते १९१३नंतरच्या स्टेनलेस पोलादाचे असणार, आणि मँगनीज जास्त असेल तर एकोणिसाव्या शतकात बेसेमरच्या पद्धतीनंतर आलेल्या कारखानी पोलादाचा संशय घ्यावा लागतो. हे यंत्र कार्बन मोजू शकत नाही, म्हणून ‘यंत्राने वुट्झ सिद्ध झाले’ असे कोणी म्हणू लागला तर ऐकू नये. पात्याच्या आतली रचना न कापता पाहायची तर न्यूट्रॉन किरणांची पद्धत आहे. युरोपात भारतीय तलवारींवर तिचा वापर झालेला आहे, आणि न्यूट्रॉनांवर संशोधन करणारी ध्रुव अणुभट्टी आपल्या तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) १९८५पासून आहे. सगळ्याच कट्यारी तिथे न्यायच्या नाहीत, हे उघड आहे. पण वाघनखांसारख्या वादाच्या वस्तूसाठी मालक संग्रहालयाच्या संमतीने अशी परीक्षा मागण्याचा विचारसुद्धा झाला नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

या सामग्रीला जोडणारी एक खिडकी हवी आहे. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने ती उघडावी, मुंबईतल्या एखाद्या मोठ्या संग्रहालयात तिला जागा द्यावी, आणि ठरलेल्या दिवशी नागरिकाने आधी छायाचित्रे व मापे पाठवून, मग पोलीस आयुक्तालयाशी ठरवलेल्या नमुन्यातले वाहतूक-पत्र घेऊन वस्तू आणावी. परीक्षा झाली की प्रत्येक निष्कर्ष कारणासह लिहिलेला कागद त्याला मिळावा, त्याला क्रमांक असावा, आणि मालकाचे नाव वगळून ती नोंद सर्वांना पाहता यावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७पासून लोकांना जमिनीत सापडलेल्या वस्तूंची अशी नोंद सरकारी खर्चाने होते, आणि तिच्यात दहा लाखांहून जास्त वस्तू जमा झाल्या आहेत. तिथल्या पुरातत्त्वाला त्याचा मोठा आधार झाला. आपल्याकडे जमिनीखालच्यापेक्षा माळ्यावरच्या आणि देवघरातल्या वस्तू जास्त आहेत, एवढाच फरक.

याला तीन आक्षेप ऐकू येतात. संग्रहालये प्रमाणपत्रे देऊ लागली तर बाजाराला बळ मिळेल, हा पहिला आणि वजनदार आक्षेप आहे, आणि म्हणूनच जगातली मोठी संग्रहालये किंमत सांगत नाहीत. आपणही सांगू नये. कागदावर किमतीचा उल्लेख नको, ‘अस्सल’ हा शब्दही नको. फक्त वर्णन, काळाचा अंदाज, त्याचा आधार, आणि जिथे सांगता येत नाही तिथे ‘ठरवता येत नाही’ असे स्पष्ट. दुसरा आक्षेप असा की तज्ज्ञांचे हितसंबंध असतात. काही तज्ज्ञ स्वतः संग्राहक असतात, काही लिलावांना सल्ला देतात. म्हणून कागदावर किमान दोघांच्या सह्या असाव्यात, आणि त्यांपैकी कोणीही मागील काही वर्षांत शस्त्रांच्या व्यापारातून पैसे घेतले असतील तर त्याने ते जाहीर करावे. तिसरा आक्षेप कर्मचाऱ्यांच्या तुटवड्याचा आहे, तो खरा आहे, आणि त्याचे उत्तर पैसा हेच आहे: रघुजींची तलवार राज्याने सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांना घेतली, तेवढ्या रकमेत अशी खिडकी चालवायला लागणारी माणसे निदान काही वर्षे पोसता येतील.

या खिडकीचा पहिला अर्जदार खुद्द राज्य शासन असावे, अशी माझी सूचना आहे. शासनाच्या ताब्यात असलेल्या आणि लिलावातून घेतलेल्या प्रत्येक शस्त्राची अशी नोंद आधी व्हावी, ती दालनात वस्तूशेजारी लावावी, आणि तिच्यात ‘ठरवता येत नाही’ हे शब्द जिथे लागतात तिथे ते मोठ्या अक्षरांत छापावेत. त्यानंतर परवानाधारक विक्रेत्याने शंभर वर्षांवरचे शस्त्र विकताना ही नोंद जोडणे सक्तीचे करावे; खासगी मालकांसाठी ती ऐच्छिक असावी, निदान पहिली पाच वर्षे, आणि त्या काळात वस्तू घेऊन आलेल्या कोणावरही केवळ ती बाळगल्याबद्दल गुन्हा दाखल होणार नाही असा लेखी आदेश गृहखात्याने काढावा.